मामांनी झोपून पाहिलेली खोली

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत माणसाला पाठ टेकता येईल अशी एकही जागा माझ्या बायकोच्या लांबच्या मामांच्या पाठीखालून सुटलेली नाही. देवळं, समाजमंदिरं, शाळांच्या पडव्या, ग्रामपंचायतीची कचेरी, पिठाची गिरणी, कुणाकुणाचे ओटे आणि यातलं काहीच नसेल तिथे एसटीची मागची लांब सीट. मामा मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर होते. संध्याकाळी जव्हारहून निघायचं, डोंगरातल्या कुठल्यातरी शेवटच्या गावाला जाऊन गाडी उभी करायची, तिथेच झोपायचं आणि पहाटे तीच गाडी भरून परत आणायची, हे त्यांचं निवृत्त होईपर्यंतचं आयुष्य. त्यामुळे आपल्याला गावं जशी रस्त्यांवरून किंवा सोयऱ्यांवरून आठवतात, तशी मामांना ती झोपेवरून आठवतात. वावर हे गाव कुठे आलं असं कुणी विचारलं तर ते दिशा सांगत नाहीत. "वावरला दोन कांबळी लागतात," असं सांगतात. दाभोसा म्हटलं की, "पाण्याचा जाम आवाज. पण पाण्याची सवय होते. कोंबड्याची नाय होत." रस्ता विचारणारा माणूस या माहितीवर कुठे पोहोचत असेल देव जाणे, पण पोहोचल्यावर त्याची झोप मात्र चुकत नसणार.

'लांबचे मामा' म्हणजे नेमके कोण हे मी लग्नानंतर दोनदा समजून घेतलं आणि दोन्ही वेळा विसरलो. त्यात एक आत्या आहे आणि एक दत्तक गेलेला मुलगा आहे एवढं आठवतं. मामांना स्वतःला तेही आठवत नाही, पण त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. ते मला जावई म्हणतात आणि मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, 'मीने' म्हणून हाक मारतात. उंच, वाळका माणूस, मिशा पांढऱ्या आणि उजवा पाय कायम कामात. गाडी दुसरं कुणी चालवत असलं की मामांचा उजवा पाय वळणावळणाला जमिनीत रुततो. आमची जुनी चारचाकी मीनल चालवते, कारण मी चालवलेली तिला बघवत नाही. मोखाड्याच्या घाटात मामा तिच्या शेजारी बसले की उतरताना त्यांची पोटरी दुखायला लागते. कुणाच्याही घरी गेले की चपला दाराबाहेर काढतात त्या रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे उठलं की पाय घालून निघता यावं. आणि झोप तर अशी की भिंतीला टेकले की लागते. एकदा कुणाच्यातरी साखरपुड्यात दोन्हीकडचे लोक हुंड्यावरून हमरीतुमरीवर आले होते, त्या गोंगाटात मामा मधोमध बसून झोपले. त्यांना शांत झोपलेलं बघून दोन्ही बाजूंना लाज वाटली आणि लग्न जमलं.

आमची आणि मामांची खरी गाठ पडली ती खोलीपायी. आम्ही दोघं नवराबायको शाळाशाळांतून मुलांचे कान तपासत फिरतो. मुलाच्या कानाला हेडफोन लावायचा, मशीनमधून बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्याने हात वर करायचा. वर्गात मागे बसवलेल्या, ढ म्हणून सोडून दिलेल्या पोरांपैकी काहींना मुळात ऐकूच येत नसतं, हे आमच्या मशीनमुळे कळतं. काम आवडीचं आहे. पण ज्या संस्थेसाठी आम्ही ते करतो तिच्या लेखी आम्ही एक पुरुष कर्मचारी आणि एक स्त्री कर्मचारी, आणि ते दोघे नवराबायको आहेत हा त्यांचा घरगुती प्रश्न. आश्रमशाळेत गेलो की मीनलची सोय मुलींच्या वसतिगृहात, अधीक्षिकाबाईंच्या खोलीत. माझी सोय मुलग्यांच्या बाजूला, तिथल्या अधीक्षकांच्या घोरण्याच्या पल्ल्यात. सरकारी विश्रामगृहात खोली मिळायची, पण संध्याकाळी कुणीतरी साहेब येणार असायचे आणि आम्ही बॅगा उचलायचो. लॉजवर तर आणखी कठीण. मीनलने लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, माझ्या आधारकार्डावर अजून माझ्या गावचा पत्ता आहे आणि तिच्या कार्डावर नाशिकचा. लॉजचा माणूस दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून आमच्याकडे असा बघायचा की मला स्वतःलाच शंका यायची. त्यातून निभावलं तरी शनिवारी मुंबईची मंडळी धबधबे बघायला आली की आम्ही रस्त्यावर.

या सगळ्यातून एक विचित्र सवय आम्हाला लागली होती. दुसऱ्याच्या घरात, पातळ भिंतीच्या आड, आम्ही कुजबुजत बोलायचो. भांडण करायचं तर तेही मोबाइलवर, मेसेज करून. एकाच खाटेवर पाठीला पाठ लावून बसायचं आणि मेसेजवर भांडायचं. मीनल म्हणायची, "दिवसभर लोकांच्या पोरांना ऐकू येतं का बघायचं, आणि आपल्याला एकमेकांचा आवाज ऐकून महिने झाले." मी हसण्यावारी न्यायचो. ती मात्र हसत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला समोर बसवून सांगितलं की नाशिकमधल्या एका दवाखान्याने तिला बोलावलं आहे, एकाच जागी बसून करायचं काम, रोज संध्याकाळी घरी. नाताळपर्यंत उत्तर द्यायचं आहे. "तोवर तिकडे आपल्या दोघांची म्हणून एक खोली मिळाली तर मी येते. नाही मिळाली तर तू एकटा फिर." ती हे रागावून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने अगदी शांतपणे सांगितलं, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी मामांना जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "खोली मिळंल. पण मी झोपल्याबिगर नाय घ्यायची." मला वाटलं काहीतरी बोलायची पद्धत असेल. पण मामांचा शब्द न् शब्द खरा होता. खोली बघायला गेलं की ते मालकाशी भाड्याचं बोलायचे नाहीत, नळ सोडून बघायचे नाहीत, खिडकीतून डोकावायचे नाहीत. "जरा पडतो," म्हणायचे, टोपी तोंडावर ओढायचे आणि रिकाम्या फरशीवर खरोखर झोपी जायचे. आम्ही दोघं आणि मालक दारात उभे. मालक आमच्याकडे बघतोय, आम्ही मालकाकडे, आतून घोरण्याचा आवाज. मालकाला काय सांगायचं हा प्रश्न असायचा. पहिल्या खेपेला मी सांगितलं की त्यांची तब्येत बरी नाही, तर मालकाने डॉक्टरला फोन लावला. नंतर आम्ही काहीच सांगेनासे झालो. पुरती झोप झाली की मामा उठायचे, एका जागी बसून जरा वेळ भिंतींकडे बघायचे आणि निकाल सांगायचे. 'बेस' किंवा 'नाय'. कारण विचारायचं ते बाहेर रस्त्यावर आल्यावर.

मोखाड्याला बाजारात एका व्यापाऱ्याची, धान्याच्या दुकानावरची खोली होती. हवेशीर, गच्चीला लागून. मामा झोपून उठले आणि म्हणाले, नाय. "धान्याचं दुकान, आन् उंदराचा आवाज नाय. म्हणजे औषध मारलंय. ते औषध वर येतं." दाभोशाच्या रस्त्याला एका तरुण मुलाने पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या, भिंतींवर चित्रं, दारात झोपाळा. तो बरीच वर्षं ठाण्यात काम करून आला होता, त्यामुळे आमच्याशी मराठीत सुरुवात करून हिंदीवर जायचा. "सर, पूरा व्हॅली दिसतंय, खिडकी फुल साइज दिया है." मामा तिथेही झोपले. उठून त्या खिडकीकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाहेर बघायला लोक पैसे देतात. आत बघायला फुकट." मला हसू आलं, मीनललाही आलं, पण आणखी एक आठवडा सरला होता आणि अजून ती मुलींच्या वसतिगृहात झोपत होती.

खरा खटका उडाला तो जव्हारच्या खोलीवरून. एका कचेरीतल्या कारकुनाने नवीन घर बांधलं होतं, मागची खोली स्वतंत्र, टाइल्स बसवलेली, न्हाणीघर आतच. मीनलने ते न्हाणीघर बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी मनातल्या मनात खोली घेऊन टाकली. माणसंही भली. बाईंनी ट्रेमधून कपबश्या आणल्या, शेव आणली, खेळणाऱ्या मुलांना दटावून गप्प बसवलं, टीव्ही बंद केला, नवऱ्याला काहीतरी सांगायचं होतं ते डोळ्यांनीच सांगितलं. मामा झोपले, उठले आणि म्हणाले, नाय. रस्त्यावर आल्यावर मीनल गाडीचं दार उघडेना. "मामा, यात काय वाईट होतं ते मला कळलंच पाहिजे." मामा आपले शांत. "पोरांना गप केलं बघितलंस? टीव्ही बंद केला. नवराबायको भांडत होते ते आपण आलो तवा गिळलं. आज गिळलं, उद्या गिळतील, आठ दिवस गिळतील. मग ते पोटात कुजतं पोरी, आन् त्याची घाण तुमच्यावर येते. ज्या घरात पाहुणा आला म्हणून भांडण थांबतं त्या घरात राहायचं नाय. तू तिथं ओझं होतेस."

हे कुठून आलं ते मला नंतर कळलं. मामा नोकरीला नवीन होते तेव्हा मुक्कामाच्या गावी घरोघरच्या बायका ड्रायव्हरपुढे ताट ठेवायच्या. वावरच्या बाजूला तर अशी घरं होती की स्वतःच्या पोरांच्या भाकरीतली अर्धी मोडून या परक्या माणसाला द्यायची. एकदा मामा जेवत असताना त्या घरातलं लहान पोर दाराआडून त्यांच्या ताटाकडे बघत होतं, आणि आई त्याला खुणेने आत जा म्हणत होती, काही न बोलता. मामांच्या हातातला घास तसाच राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरून भाकरी बांधून न्यायला सुरुवात केली ती निवृत्त होईपर्यंत. आपल्यासाठी कुणी गप्प बसलं की त्यांना अजून जेवण जात नाही. मामा हे कधी सांगत नाहीत. मामींनी सांगितलं, आणि तेही इतक्या हळू आवाजात की मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

मामींचा आवाज मुळात बारीक आहे असं मी समजत होतो. मामांचं घर जव्हारलाच, बाजाराच्या मागच्या अंगाला. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, घरात दोघंच. त्या दिवशी मामांच्या नकाराने चिडलेल्या मीनलने तिथेच बसून विषय काढला. "मामा, कशाला गावभर फिरायचं? तुमचीच मागची खोली रिकामी आहे की."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "तिथं मी झोपून बघितलंय."

"मग?"

"नाय."

"का पण?"

"इथं भांडण होत नाय," मामा म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

त्यानंतर मी ते घर जरा डोळे उघडून बघायला लागलो. मामी मामांना पाणी द्यायच्या ते तांब्या-भांडं ताटलीत ठेवून. मामा स्वतःच्या घरात "पाणी मिळंल का?" असं विचारायचे. सकाळी उठले की आपलं अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवायचे, उशी त्याच्यावर, जणू आता कुणी येऊन खोली खाली करायला सांगेल. मामींनी आयुष्यभर एकटीने दोन मुलं वाढवली होती, पावसाआधी कौलं स्वतः चढून फिरवली होती, रात्री कडी लावून आत आजारी पोरं सांभाळली होती. सगळं त्यांच्या हाताला होतं आणि त्यात नवऱ्याने करायचं असं काही उरलं नव्हतं. निवृत्त होऊन मामा घरी आले ते आवडत्या पाहुण्यासारखे. मामी त्यांना गरम गरम वाढायच्या, त्यांच्यापुढे आवाज चढवायच्या नाहीत, आणि मामा जेवण झालं की "बेस झालं" असं म्हणायचे, जसं पूर्वी मुक्कामाच्या प्रत्येक ओट्यावरून पहाटे उठून निघताना म्हणायचे. दोघांत काही वाईट नव्हतं. दोघं एकमेकांची फार काळजी घेत होते. ते बघून मला उगाच आमच्या मेसेजवरच्या भांडणांची आठवण यायची.

नाताळ जवळ येत चालला तेव्हा मामा आम्हाला साखरशेतला घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, एका बाजूला वेगळं दार असलेली खोली. घरात म्हातारा-म्हातारी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेला मुलगा आणि सून. आम्ही अंगणात पाय ठेवला तेव्हा सासू-सुनेचं जुंपलं होतं. अंगणात उडीद वाळत घातले होते, राखायला कुणी बसलं नव्हतं आणि कोंबड्यांनी त्यांचा समाचार घेतला होता. सासूचं म्हणणं, सुनेचं लक्ष मोबाइलातल्या गाण्यांत. सुनेचं म्हणणं, कोंबड्या सासूच्या आहेत. आम्हाला बघून सून म्हणाली, "या, बसा," आणि त्याच श्वासात सासूकडे वळून, "तुझ्या कोंबड्यांना कोण सांगणार?" म्हातारीने एका हाताने आमच्यासाठी खाट झटकली आणि दुसरा हात सुनेकडे नाचवला. म्हातारा दारात बसून विळ्याला धार लावत होता, त्याने मान वर करून मामांना ओळखलं आणि परत विळ्याकडे बघितलं. मामांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू. "जरा पडतो," म्हणाले आणि त्या भांडणाच्या सुरात त्यांची नेहमीपेक्षा लांब झोप झाली. उठल्यावर रस्त्यावर यायचीसुद्धा त्यांनी वाट बघितली नाही. "बेस हाय," म्हणाले. म्हातारीने विचारलं, "काय बेस?" मामा म्हणाले, "सगळंच."

न्हाणीघर मागे अंगणात होतं, मोरीला दाराऐवजी पत्रा होता, आणि खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. रेंजसाठी वर शाळेच्या चढावर जावं लागायचं. मीनल हे सगळं बघून आली आणि गाडीतून बॅगा काढायला लागली. आम्ही सामान टाकलं. आता मला कळतं की त्या खोलीने जे केलं ते रेंज नसल्यामुळे केलं. पहिल्याच आठवड्यात मी मशीन रात्री चार्ज करायला विसरलो. सकाळी लांबच्या एका शाळेत पोरं रांगेने बसलेली, गुरुजींनी मुद्दाम बाकीचे वर्ग गप्प बसवलेले, आणि मशीन सुरू होईना. पोरांना परत पाठवावं लागलं. संध्याकाळी खोलीत आल्यावर मीनलने सवयीने मोबाइल हातात घेतला, काहीतरी लिहिलं, पाठवायचा प्रयत्न केला आणि तो बाजूला टाकला. मग ती मोठ्या आवाजात बोलायला लागली. मशीनपासून सुरुवात झाली आणि कुठे कुठे गेली. अधीक्षिकाबाईंच्या खोलीतल्या रात्री, मी हसण्यावारी नेलेली बोलणी, नाशिकचा दवाखाना, आणि तिला तो नको आहे पण हे असंही नको आहे, सगळं त्यात आलं. मीही बोललो. मला आठवतं, मी म्हणालो की ती नसली तर मी हे काम करणार नाही, आणि हे मी तिला याआधी कधी का सांगितलं नाही ते मला माहीत नाही. पलीकडे कुणी गप्प झालं नाही. तांदूळ पाखडायचा आवाज तसाच येत होता. मध्येच म्हातारीने बाहेरून हाक दिली, "पोरी, तुझं बरोबर हाय. पण भात गार होतो, जेवून मग भांड." त्यांच्या बोलीत कुणालाच अहो-जाहो नसतं, आम्हालाही नव्हतं, मामांनाही नव्हतं. आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मीनल चढावर जाऊन फोन करून आली आणि दात घासत म्हणाली, "दवाखान्याला नाही म्हणून कळवलं." मी विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, "आता मशीन चार्ज केलंस का ते सांग."

मामा मधूनमधून खोलीची तब्येत बघायला यायचे. फेब्रुवारीत एकदा मामींना घेऊन आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मामांच्या मुक्कामाच्या गावांपैकी एकही गाव मामींनी बघितलं नव्हतं. संध्याकाळची गाडी गावाला जायची ती पहाटे परत यायची, आणि घरी पोरं असायची. मामी अंगणातल्या खाटेवर पदर सावरून बसल्या आणि मामांकडे बघत राहिल्या. कारण साखरशेतच्या त्या घरात मामा निराळेच होते. आल्या आल्या चुलीपाशी गेले, भांड्यांवरची झाकणं उचलून बघितली, कुळथाच्या पिठल्यात बोट घालून चाटलं आणि सुनेला म्हणाले, "मीठ कुणी खाल्लं?" सून म्हणाली, "तुला आवडत नाय तर नको जेवूस." मामा हसले आणि नागलीची भाकरी टोपलीतून स्वतः काढून घेऊन उंबऱ्यावर बसले. मामी मीनलजवळ सरकल्या. मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"आमच्याकडे यांनी कधी झाकण उघडून बघितलं नाय," त्या म्हणाल्या.

मीनलने मामींचा हात धरून ठेवला. थोड्या वेळाने मामींनीच विचारलं, "तुमचं काम कधी संपतं गं?"

"एप्रिलमध्ये. शाळांना सुट्टी लागली की."

"मग ही खोली रिकामी होईल."

"एप्रिलअखेरपर्यंत आमच्याकडेच आहे. का हो मामी?"

मामींनी मामांकडे बघितलं. ते भाकरी खाता खाता म्हाताऱ्याशी वाद घालत होते. "आम्हाला मिळंल का चार दिवस? घर हाय गं, घराला काय झालं? पण घरी ते माझ्याकडे येतात. आम्ही दोघं मिळून कुठं गेलोच नाय कधी."

मीनल हो म्हणाली आणि चेहरा वळवून अंगणातल्या कोंबड्या बघत बसली.

आता आमचं काम दुसऱ्या तालुक्यात गेलं आहे. खोल्या मिळतात, कधी बऱ्या, कधी वाईट. आम्ही दोघं आळीपाळीने फरशीवर पडून बघतो, पण आम्हाला काही कळत नाही, पाठ तेवढी धरते. अशा वेळी मामांची फार आठवण येते, आणि आठवण आली की त्यांचं झोपणं समोर येत नाही, साखरशेतहून आम्ही निघालो ती सकाळ येते.

आम्ही गाडीत सामान भरत होतो तेव्हा मामा-मामी जव्हारहून एका पिशवीत कपडे घेऊन आले. मामींनी आल्याबरोबर खोली झाडायला घेतली. मामा हात मागे बांधून दारात उभे होते, जसे ते स्वतःच्या घरात उभे राहतात. मीनलने गाडी सुरू केली. तेवढ्यात मामी बादली घेऊन बाहेर आल्या आणि ती त्यांनी मामांच्या पुढ्यात ठेवली.

"पाणी आणा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक नव्हता. रस्त्यापर्यंत आला.

मामांनी बादलीकडे बघितलं, मग मामींकडे. "कुठनं आणू?"

मामी गावात पहिल्यांदाच राहायला आल्या होत्या. त्यांनी एकदा इकडेतिकडे बघितलं आणि हात लांब करून वरच्या अंगाची, शाळेच्या चढाची वाट दाखवली. "तिकडनं."

विहीर खालच्या अंगाला होती. त्या विहिरीवर मामांनी मुक्कामाच्या कितीतरी पहाटे आंघोळी केल्या होत्या. तिथली रहाटाची दोरी कुठल्या बाजूला झिजते हेही त्यांना ठाऊक होतं. मी सांगायला खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर मीनलने माझी बाही ओढली. मामांनी एकदा खाली विहिरीच्या दिशेला बघितलं, बादली उचलली आणि मामींनी दाखवलेल्या वाटेने निघाले. आम्ही वळण घेईपर्यंत ते मला आरशात दिसत होते, रिकामी बादली हातात घेऊन तो चढ सावकाश चढत होते, आणि मागून मामी त्यांना लवकर या म्हणून ओरडत होत्या.